मधुमेह्याचा व्रण
(बऱ्हाणपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना गोरगरिबांच्या दुखण्याखुपण्याविषयी अपार आस्था होती, असे चालकांनी निमंत्रणपत्रात आवर्जून लिहिले होते. तेव्हा इतिहास किंवा स्थापत्य यांसारखा या पुरातन नगरीस सहज शोभणारा विषय बाजूस ठेवून, शल्यचिकित्सक या नात्याने ज्या प्रश्नाने मला सर्वांत अधिक काळ व्यग्र केले, तोच आपणांपुढे मांडावा असे मी ठरविले. मधुमेह जडलेल्या माणसावर शस्त्रक्रिया झाली म्हणजे तिची जखम वेळेवर व निर्वेधपणे का भरत नाही, आणि ती भरावी म्हणून वैद्याने, परिचारिकेने, घरच्या मंडळींनी व खुद्द रोग्याने काय करावयास हवे, हा तो प्रश्न होय. जखमेचे भवितव्य शस्त्रक्रियागृहातील तासाभरात आणि शल्यचिकित्सकाच्या हातगुणावर ठरते अशी समाजाची समजूत आहे. त्या तासाचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. परंतु मधुमेह्याच्या बाबतीत त्या तासाच्या आधीचा महिना आणि नंतरचा महिना हेच खरे निर्णायक असतात, असे माझे निश्चित मत बनले आहे, आणि आज मला जे सांगावयाचे आहे ते बहुतांशी या दोन महिन्यांविषयी आहे.

हा प्रश्न नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेविसाव्या अध्यायात ज्यांचे व्रण मोठ्या कष्टाने भरतात अशा रोग्यांची गणना केली आहे. तीत कुष्ठी, विषबाधेने ग्रस्त आणि शोषाने झिजलेला यांच्या पंक्तीस मधुमेही बसविला आहे. रक्तातील शर्करा मोजण्याचे कोणतेही साधन हाताशी नसताना, केवळ रोग्याचे शरीर आणि जखम यांकडे वर्षानुवर्षे डोळसपणे पाहून काढलेला हा निष्कर्ष आहे, आणि तो आजच्या प्रयोगशाळेनेही खरा ठरविला आहे. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले असून, त्यांत लेप, बंध, छेदन, शोधन, रोपण यांच्याबरोबरीने आहार आणि रक्षाविधान यांनाही स्वतंत्र स्थान दिले आहे. जखमेवर काय लावावे एवढ्यावरच न थांबता, जखमी माणसाने काय खावे आणि त्याची राखण कशी करावी हेही चिकित्सेतच मोडते, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. आपल्या शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, युनानी वैद्यकाच्या अध्यापनाचीही येथे परंपरा आहे. तेथील विद्यार्थी आज या सभागृहात असतील तर त्यांनी हे दोन अध्याय परीक्षेपुरते पाठ करून सोडून देऊ नयेत अशी माझी त्यांना विनंती आहे.

महाराष्ट्राच्या शल्यपरंपरेतील एक प्रसंगही येथे सांगण्याजोगा आहे. टिपू सुलतानाच्या सैन्याने ज्याचे नाक कापले होते अशा, इंग्रजांच्या लष्करातील कावसजी नावाच्या एका बैलगाडीवानाचे नाक पुण्याच्या बाजूच्या एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीतून नवे घडविले, आणि त्याचा सचित्र वृत्तांत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये १७९४ साली छापून आला. युरोपातील शल्यशास्त्रास त्या वृत्तांताने नवी दिशा दिली. त्या कारागिराचे कौशल्य यात होते की, कपाळाची कातडी सोडवून खाली वळविताना तो तिचा एक देठ मूळच्या जागी जोडलेलाच ठेवीत असे. त्या देठातून रक्त वाहत राही, आणि रक्त वाहत राहिले म्हणून नवे नाक जगे. रक्ताविना जखम भरत नाही हे सत्य त्या माणसास कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते, आणि मधुमेह्याच्या सर्व दुर्दशेचे एक मूळ याच सत्यात आहे.

निरोगी माणसाच्या अंगावर शस्त्र चालले की प्रथम रक्त गोठून जखमेचे तोंड बंद होते; मग श्वेतपेशी धावून येतात, जंतूंना गिळतात व मृत मांसाचा निचरा करतात; चारसहा दिवसांत नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटू लागतात, तंतुपेशी कोलॅजनचे धागे विणतात; आणि त्या विणीची घडी पुढे कित्येक महिने बसत राहते. एवढे होऊनही जखमेच्या व्रणास मूळच्या कातडीचे पूर्ण बळ कधीच येत नाही. फार तर शेकडा ऐंशी येते. आता रक्तात शर्करा साचली म्हणजे यांतील प्रत्येक पायरीवर विघ्न येते. १०० मिलिलिटर रक्तात शर्करेचे प्रमाण २०० मिलिग्रॅमच्या वर राहू लागले की श्वेतपेशी मंदावतात, जंतूंपर्यंत उशिरा पोचतात आणि पोचल्यावरही त्यांचा पुरता संहार करीत नाहीत. ज्या पेशींनी दाहाचे काम आटोपून बांधणीस वाट करून द्यावयाची, त्या दाहातच अडकून राहतात. शर्करा प्रथिनांना चिकटून कोलॅजन ताठर व ठिसूळ करते. ज्ञानतंतू बधिर झाल्यामुळे दुखण्याची जी सूचना मिळावयाची ती मिळत नाही. आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. जहांगीरच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याचे झिरपणारे पाणी भुयारांतून या शहरास पोचविणारा जो कुंडी भंडारा बांधला गेला, त्याच्या भिंतींवर चुन्याचे थर चढून पाण्याची वाट आक्रसत जाते हे आपण बऱ्हाणपूरकरांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. वर कुंडी दिसते, आत पाणीही दिसते, पण शेवटच्या घरापर्यंत धार पोचत नाही. मधुमेह्याच्या पावलाची गत पुष्कळदा अशीच असते.

हे सर्व ऐकून निराश होण्याचे कारण नाही, कारण यांतील बराच भाग सुधारता येतो. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. तोवर मधुमेह्यावर शस्त्र धरण्यास मोठमोठे शल्यचिकित्सकही कचरत. इन्सुलिनने ती भीती घालविली. परंतु शर्करा काबूत ठेवल्याने जखमेवर नेमका किती परिणाम होतो, याचा हिशेब पुष्कळ पुढे मांडला गेला. अमेरिकेतील पोर्टलंड येथे अँथनी फर्नरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या २,४६७ मधुमेह्यांचा वृत्तांत १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. कातडीखाली अधूनमधून इन्सुलिन देण्याऐवजी ते शिरेतून अखंड दिले असता, छातीच्या हाडापर्यंत पोचणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण शेकडा २ वरून ०.८ वर आले. शस्त्र तेच, टाके तेच, शल्यचिकित्सकही तेच. पालटली होती ती केवळ शर्करेची देखरेख.

मात्र चांगल्या गोष्टीचाही अतिरेक करू नये, हे लगेच सांगितले पाहिजे. अत्यवस्थ रोग्यांची शर्करा ८१ ते १०८ इतकी कठोरपणे खाली ठेवावी की १८० पर्यंत चालवून घ्यावी, याची परीक्षा ६,१०४ रोग्यांवर झाली. तिचे फलित २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, ते असे की कठोर नियंत्रणाच्या गटात नव्वद दिवसांत शेकडा २७.५ रोगी दगावले आणि सौम्य नियंत्रणाच्या गटात २४.९. शर्करा एकाएकी खाली उतरणे हेही प्राणावर बेतते. म्हणून शस्त्रक्रियेच्या सुमारास शर्करा १०० ते १८० च्या दरम्यान ठेवावी, हा आज सर्वमान्य झालेला मध्यम मार्ग आहे.

आता आधीच्या महिन्याकडे वळू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि १३ कोटींहून अधिक माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत. यांतील पुष्कळांना आपल्या रोगाची वार्ताच नसते. हर्निया, पित्ताशयातील खडे किंवा गर्भाशयाचा विकार यांसाठी रुग्णालयात आल्यावर ती प्रथम कळते. ‘मी तर काडीसारखा आहे, मला कुठली साखर?’ असे यंत्रमागावरचा कामगार विचारतो, आणि त्याचा प्रश्न बिनतोड वाटतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्यास उत्तर दिले आहे. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांची छायाचित्रे शेजारीशेजारी छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२! दिसावयास सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्या अंगी चरबी दडलेली असते आणि ती त्याला मधुमेहाकडे ओढते. तेव्हा बारीक चणीवर विसंबून तपासणी टाळणे ही घोडचूक होय.

शस्त्रक्रिया सवडीने करण्याजोगी असेल तर गेल्या तीन महिन्यांच्या शर्करेची सरासरी दाखविणारी, प्रयोगशाळेत जिला एचबीएवनसी म्हणतात ती तपासणी करावी, आणि तो आकडा शेकडा ८ च्या वर असेल तर शक्यतो थांबावे. हे थांबणे रोग्यास जड जाते. कामावरून रजा काढलेली असते, मुंबईहून किंवा इंदूरहून मुलगा आलेला असतो, उसनवारीने पैशांची तजवीज झालेली असते. अशा वेळी ‘सहा आठवडे थांबा’ म्हणणारा डॉक्टर त्याला निर्दय वाटतो. पण टाके पिकून, उसवून, पोटाची जखम पुन्हा उघडली म्हणजे जो काळ आणि जो पैसा जातो, त्यापुढे हे सहा आठवडे काहीच नव्हेत. याला एक ठळक अपवाद आहे. जेथे पू साठला आहे, मांस सडू लागले आहे, आतडे अडकले आहे, तेथे शर्करा खाली येण्याची वाट पाहणे घातक ठरते. कारण तेथे शर्करा त्या पुवामुळेच चढलेली असते, आणि पू वाहून गेला की ती बहुधा आपोआप उतरू लागते. सवडीच्या शस्त्रक्रियेत घाई आणि पुवाच्या बाबतीत दिरंगाई, असा उलटा क्रम मी आयुष्यभर पाहिला आहे, आणि त्यापायी पाय गेलेली माणसेही पाहिली आहेत.

या महिन्यात गोळ्यांनी काम भागेना झाले की इन्सुलिनचा विषय निघतो, आणि घरात सुतकी कळा पसरते. इन्सुलिन एकदा लागले की सुटत नाही, ते म्हणजे रोगाची अखेरची अवस्था, असा समज या भागात आणि पलीकडे रावेर-भुसावळपर्यंत घट्ट रुजला आहे. शस्त्रक्रियेच्या निमित्ताने चालू केलेले इन्सुलिन जखम भरल्यावर पुष्कळांचे बंद करता येते, ही वस्तुस्थिती मी आपणांस जबाबदारीने सांगतो. शस्त्रक्रियेचा आघात झाला की शरीर कॉर्टिसॉलसारखी द्रव्ये सोडते आणि शर्करा चढते. ज्याला पूर्वी कधी मधुमेह नव्हता त्याचीही चढते. त्या काही दिवसांपुरती शरीरास बाहेरून मदत हवी असते, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय इन्सुलिन हे मांस बांधणारे द्रव्य आहे, म्हणजे ज्या कामासाठी आपण धडपडतो त्याच कामाचे ते साधन आहे. गोळ्यांच्या बाबतीतही डॉक्टरांना विचारल्याखेरीज काही करू नये: मेटफॉर्मिन सामान्यतः शस्त्रक्रियेच्या दिवशी थांबवितात, तर ज्यांच्या नावाअखेर ‘ग्लिफ्लोझिन’ येते त्या गोळ्या तीन-चार दिवस आधीच बंद कराव्या लागतात, अन्यथा शर्करा फारशी चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचून रोगी संकटात सापडतो.

आहाराविषयी मला मनापासून बोलावयाचे आहे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसास पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवण्याची आपली वहिवाट आहे: डाळ नको, पू होईल, दूध नको, पू होईल, अंडे तर नकोच. साखर बंद म्हणून गोड गेले, पू होईल म्हणून प्रथिने गेली. उरते ती पातळ पेज आणि चहात बुडविलेला टोस्ट. कोलॅजन हे प्रथिन आहे, ते हवेतून विणले जात नाही. तूर, मूग, हरभरा, ताक, दही, पनीर, आणि ज्यांना चालते त्यांना अंडी व मासळी, हे जखमेचे अन्न आहे. लिंबू, आवळा, पेरू यांतून जे क जीवनसत्त्व मिळते त्यावाचून कोलॅजनची वीण पक्की होत नाही. ज्यांची मूत्रपिंडे बिघडली आहेत त्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. केळीच्या या मुलखात केळ्याविषयी विचारणा होणार हे मी जाणून आहे; एक लहान केळे, तेही शर्करा मोजून, इतपत मोकळीक बहुतेकांना देता येते. आणि तंबाखू? विडी, गुटखा, तपकीर, मिश्री, कोणत्याही रूपाने ती रक्तवाहिन्या आवळते. शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी धूम्रपान सोडले तर उपद्रव स्पष्टपणे घटतात, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही नमूद केले आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवसाविषयी थोडक्यातच सांगतो, कारण तेथील शिरस्ता ठरलेला आहे. मधुमेह्याचा क्रम सकाळी पहिला लावावा, म्हणजे उपवास लांबत नाही. आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढू नयेत. त्याने कातडीवर सूक्ष्म जखमा होतात व त्यांतून जंतू शिरतात. प्रतिजैविकाची मात्रा छेदाच्या आधी तासाभरात द्यावी, आणि रोग्याचे अंग थंड पडू देऊ नये.

खरी कसोटी घरी गेल्यावर लागते. शस्त्रक्रियेच्या जखमेतील जंतुसंसर्ग पुष्कळदा रुग्णालय सोडल्यानंतर प्रकट होतो, म्हणूनच त्याची नोंद ठेवण्याची मुदत तीस दिवसांची धरतात. पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास पोटाच्या जखमेतून एकाएकी गुलाबीसर पाणी पाझरू लागले तर आतले टाके सुटत आहेत असे समजून तडक रुग्णालय गाठावे. लाली, ऊब, सूज, दुर्गंधी, ताप या खुणा सर्वांना ठाऊक आहेत; पण मधुमेह्यात वेदना नसणे हे जखम ठीक असल्याचे लक्षण नव्हे. आणखी एक खूण अशी की, खाण्यात आणि औषधात काही बदल नसताना शर्करा अचानक चढू लागली तर कोठेतरी पू धरतो आहे असा संशय घ्यावा. घरची सून किंवा मुलगी रोज एकदा हात धुऊन, उजेडात, जखम पाहील आणि साखरेचा आकडा वहीत टिपील, तर ती वही डॉक्टरास कोणत्याही महागड्या मलमाहून अधिक उपयोगी पडते. निर्वात दाबाची यंत्रे, वाढीस चालना देणारी मलमे, कातडीचे कलम ही साधने ज्याच्या त्याच्या जागी चांगली आहेत आणि मी ती वापरली आहेत; परंतु शर्करा मोकाट आणि रक्तपुरवठा तुटलेला असता त्यांवर केलेला खर्च वाया जातो.

हे काम सामान्य शिक्षण झालेल्या स्त्रियांकडून होईल काय, अशी शंका घेणाऱ्यांस मी गडचिरोलीकडे बोट दाखवितो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांची घरोघर शुश्रूषा करविली आणि नवजात अर्भकांच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ ने खाली आणले. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये तो वृत्तांत आहे. जी बाई अर्भकाचा श्वास मोजू शकते तिला टाक्यांची लाली ओळखता येणार नाही असे मानण्यास आधार नाही. आपल्या जिल्ह्यातील आशा कार्यकर्तीच्या भेटीत प्रसूतीनंतर जशी माता पाहिली जाते, तशी शस्त्रक्रिया झालेली मधुमेही व्यक्तीही पाहिली जावी, अशी माझी आरोग्यखात्यास सूचना आहे. मुमताजमहल १६३१ साली याच शहरात बाळंतपणात गेली. आज सिझेरियनने अनेक मातांचे प्राण वाचतात, पण गरोदरपणात ज्यांना मधुमेह होतो त्यांच्या सिझेरियनच्या जखमेवर महिनाभर नजर ठेवणारे कोणी नसते.

पायाच्या जखमांविषयी न बोलता थांबलो तर व्याख्यान अपुरे राहील. कुष्ठी आणि मधुमेही यांना सुश्रुताने एका पंक्तीस बसविले; त्यामागील एक कारण विसाव्या शतकात वेल्लोर येथे उलगडले. डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांवर काम करताना दाखवून दिले की, त्यांचे मांस भरण्यास नालायक नसते; बधिर पायावर ते चालतच राहतात म्हणून जखम भरत नाही, आणि प्लास्टरने पायावरचा भार काढून घेतला की ती भरते. पुढे ते अमेरिकेत कारव्हिल येथे गेल्यावर हेच ज्ञान मधुमेह्यांच्या पायांसाठी उपयोगी पडले. मधुमेहामुळे होणाऱ्या शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी पादच्छेदांची सुरुवात एखाद्या साध्या जखमेपासून होते. बोट काळे पडले म्हणून ते कापावे, रक्त पोचते की नाही हे न पाहता. मग ती जखम काळी पडावी, म्हणून पाऊल कापावे, मग गुडघा: ही परंपरा थांबविता येते. आधी रक्तवाहिनी तपासावी, शक्य तेथे ती मोकळी करावी, नंतर शस्त्र धरावे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी टांझानियाच्या डॉ. अब्बास यांच्यासह जो ‘स्टेप बाय स्टेप’ उपक्रम चालविला, त्यात एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशा जोड्यांना पायाची शुश्रूषा शिकविण्यात आली. परिचारिकेस बरोबरीचे स्थान देणारी ही योजना जिल्ह्याच्या रुग्णालयास सहज झेपण्यासारखी आहे.

यंत्रमाग चालविणाऱ्या मालकांस माझी हात जोडून विनंती आहे. बारा तासांच्या पाळीत उभे राहणारा कारागीर जखम ओली असताना मागावर परततो, कारण घरी बसल्यास त्याची मजुरी बुडते. पायाची जखम असेल तर उभे राहणे हेच तिचे विष ठरते. महिनाभर त्यास बसून करण्याचे काम द्यावे, किंवा अर्धी मजुरी देऊन घरी राहू द्यावे. आणि आपणा सर्वांस सांगणे एवढेच: घरातील कोणाचीही शस्त्रक्रिया ठरली की तारीख पक्की करण्यापूर्वी, ‘शर्करा किती आहे, ती किती असावी, आणि घरी गेल्यावर जखम कोण पाहणार?’ हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारावेत आणि त्यांची उत्तरे लिहून घ्यावीत.